सामायिक धरणे, सामायिक कर्ज : सेनेगल नदीवरील सहकार्याचे प्रकरण

ऑगस्ट १९८९ मध्ये सेनेगल आणि मॉरिटानिया या पश्चिम आफ्रिकेतील शेजारी देशांनी परस्परांशी असलेले राजनैतिक संबंध तोडले. त्याआधीच्या चार महिन्यांत डाकार आणि नुआकशोत या दोन्ही राजधान्यांत दंगली उसळल्या होत्या, शेकडो माणसे मारली गेली होती, लाखाहून अधिक लोकांना घरदार सोडून आपापल्या देशात परतावे लागले होते आणि दोघांमधील सीमा बंद झाली होती. ही सीमा म्हणजे सेनेगल नदी. याच नदीवर, सँ-लुई शहराच्या वरच्या अंगाला सुमारे २७ किलोमीटरवर, दियामा नावाचा बंधारा आहे. त्याचा एक खांदा सेनेगलच्या भूमीत आहे, दुसरा मॉरिटानियाच्या भूमीत, आणि कागदोपत्री तो या दोघांपैकी कोणाचाही एकट्याचा नाही. तिकडे बाराशे किलोमीटर वर, मालीच्या हद्दीत, मानांताली धरण नुकतेच पुरे झाले होते आणि तेही तिघांच्या समाईक मालकीचे होते. संबंध तुटल्यापासून एप्रिल १९९२ मध्ये ते पुन्हा जुळेपर्यंत जवळजवळ पावणेतीन वर्षे गेली. या काळात समाईक मालकीचा करार रद्द झाला नाही आणि नदीसाठी स्थापन केलेली संघटना तिघांपैकी एकानेही सोडली नाही.

नदीच्या वाटपावरून भांडणारे देश आपल्या परिचयाचे असतात. इथे देश दुसऱ्याच कारणावरून हातघाईवर आले होते आणि नदीची व्यवस्था मात्र टिकून राहिली. ती का टिकली, आणि टिकण्याची किंमत कोणी मोजली, हे दोन प्रश्न या प्रकरणात एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

नदी

सेनेगल नदीची लांबी सुमारे १,८०० किलोमीटर आहे. गिनीतील फूता जालोनच्या डोंगराळ पठारावर उगम पावणारी बाफिंग आणि तिला मालीत येऊन मिळणारी बाकोय यांचा संगम बाफुलाबे येथे होतो. या गावाच्या नावाचा अर्थच नद्यांची भेट असा आहे, आणि तिथून पुढे प्रवाहाला सेनेगल हे नाव मिळते. खाली सेनेगलमधील बाकेल शहराच्या अलीकडे फालेमे ही उपनदी येऊन मिळते. त्यानंतर मात्र समुद्रापर्यंतच्या सुमारे ८०० किलोमीटरच्या प्रवासात नदीला नाव घेण्यासारखे पाणी कुठूनच मिळत नाही, कारण हा सगळा प्रदेश सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचा, साहेलचा आहे. म्हणजे पाऊस पडतो गिनीत आणि दक्षिण मालीत, आणि पाण्याची सर्वाधिक निकड असते मॉरिटानियात आणि उत्तर सेनेगलमध्ये. खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे तीन लाख चौरस किलोमीटर असून त्याचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या मालीत येतो.

या नदीचे जुने वेळापत्रक ठरलेले होते. जुलैपासून पाणी चढे, सप्टेंबरच्या सुमारास पूर येई आणि दोन्ही काठांवरच्या सखल, चिकणमातीच्या जमिनी काही आठवडे पाण्याखाली जात. त्या जमिनींना स्थानिक लोक वालो म्हणतात आणि पुराच्या टप्प्याबाहेरच्या, केवळ पावसावर अवलंबून असलेल्या जमिनींना जिएरी. पूर ओसरला की वालोच्या ओलीवर ज्वारी आणि चवळी पेरली जाई. आपल्याकडे जिला गाळपेर म्हणतात तीच ही शेती. चांगल्या पुराच्या वर्षी असे क्षेत्र लाखभर हेक्टरांपर्यंत जाई. पीक निघाल्यावर त्याच शेतांत गुरे चरत, आणि पुराच्या पाण्यात वाढलेले मासे नदीत परतत. एकाच भूमीवर शेतकरी, गुराखी आणि मच्छीमार पाळीपाळीने येत असत. शिवाय एकाच कुटुंबाची शेते दोन्ही काठांवर असणे ही नित्याची गोष्ट होती, कारण नदीला सीमा ठरवण्याचे काम फ्रेंच राजवटीने फार नंतर केले.

उन्हाळ्यात नदी अगदी रोडावत असे. बाकेलपासून समुद्रापर्यंत पात्राचा उतार जेमतेम दहा-पंधरा मीटरचा असल्याने, वरचा प्रवाह मंदावला की समुद्राचे खारे पाणी नदीत उलटे शिरे आणि वाईट वर्षी ते मुखापासून २०० किलोमीटरपर्यंत आत येई. १९६८ नंतरच्या दुष्काळी वर्षांनी हे सगळे चित्र बिघडवले. पूर आलेच नाहीत, गुरे मेली, गावे शहरांकडे निघाली. संघटनेच्या स्थापनेमागे मोठे तत्त्वज्ञान शोधणाऱ्यांनी हा दुष्काळ आधी पाहावा. १९७२ मध्ये तीन राष्ट्राध्यक्ष एका टेबलाशी बसले तेव्हा त्यांच्यामागे चार कोरडी वर्षे उभी होती.

दोन फसलेले प्रयत्न आणि तिसरा

सहकार्याची भाषा स्वातंत्र्याबरोबरच सुरू झाली होती; तिचा इतिहास मात्र फारसा आश्वासक नव्हता. सेनेगल आणि आजचा माली यांचे संघराज्य ऑगस्ट १९६० मध्ये, स्थापनेनंतर अल्पावधीतच मोडले आणि मालीने डाकारकडे जाणारी रेल्वे १९६३ पर्यंत बंद ठेवली. त्याच १९६३ मध्ये मालीची राजधानी बामाको येथे गिनी, माली, मॉरिटानिया आणि सेनेगल या चारही देशांनी नदी आंतरराष्ट्रीय असल्याचे मान्य करून एक आंतरराज्य समिती नेमली. १९६८ मध्ये समितीची जागा तटवर्ती राष्ट्रांच्या संघटनेने घेतली. तिचा आवाका शेती, शिक्षण, व्यापार आणि राजकारण इतका मोठा होता की कुठल्याही दोन सदस्यांचे बिनसले तरी सारे ठप्प होणार हे उघड होते, आणि तसेच झाले. नोव्हेंबर १९७० मध्ये पोर्तुगीजांच्या पुढाकाराने गिनीच्या राजधानीवर हल्ला झाला, गिनी आणि सेनेगलमधील संशय विकोपाला गेला, आणि बैठकाच होईनाशा झाल्या.

उरलेल्या तिघांनी गिनीला वगळून नवी सुरुवात केली. ११ मार्च १९७२ रोजी नुआकशोत येथे सेनेगलचे लेओपोल्ड सेंघोर, मॉरिटानियाचे मोख्तार उल्द दाद्दा आणि मालीचे मूसा त्राओरे यांनी सेनेगल नदी विकास संघटना स्थापन केली. तिच्या फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओएमव्हीएस म्हणून ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय डाकारला आहे. या वेळी आवाका मुद्दाम आखडून घेतला होता : नदी, आणि केवळ नदी. ज्या देशाच्या डोंगरातून बाफिंग येते तोच देश बाहेर राहिला ही उणीव मोठी होती, परंतु १९७२ च्या परिस्थितीत चौघांची संघटना म्हणजे पुन्हा वाट पाहणे ठरले असते.

त्याच दिवशीच्या दुसऱ्या करारात दोन गोष्टी होत्या. एक, नदी आपल्या उपनद्यांसह आंतरराष्ट्रीय आहे. दुसरी, नदीचा प्रवाह, तिची नाव्यता, पाण्याची गुणवत्ता किंवा जीवसृष्टी यांत लक्षणीय बदल घडवणारा कोणताही प्रकल्प सर्व सदस्यांच्या पूर्वसंमतीशिवाय हाती घेता येणार नाही. वरच्या देशाला आपल्या हद्दीतील पाण्यावर काय हवे ते करता येते, ही समजूत इथे लिखित स्वरूपात सोडून देण्यात आली. करारात एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट अशी की कोणाला किती घनमीटर पाणी मिळेल याचा आकडा कुठेही नाही.

मालकी आणि सूत्र

पाण्याचे आकडे का नाहीत, याचे उत्तर २१ डिसेंबर १९७८ च्या करारात मिळते. या कराराने समाईक कामांना एक वेगळीच कायदेशीर ओळख दिली. धरण कोणत्याही देशाच्या भूमीवर असो, ते सर्व सदस्यांच्या समाईक आणि अविभाज्य मालकीचे राहील. मानांताली पूर्णपणे मालीच्या हद्दीत आहे, परंतु मालीला ते एकट्याचे म्हणून ताब्यात घेता येत नाही. १२ मे १९८२ च्या करारात पैशांचा भाग आला : कर्ज खर्चवाटणीच्या ठरलेल्या सूत्रानुसार फेडायचे, आणि एकाने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी जामीन राहायचे. या शेवटच्या अटीचे महत्त्व सहसा पुरेसे सांगितले जात नाही. दोन देशांनी एकमेकांचे दूतावास बंद केले तरी सावकाराच्या वहीत त्यांची नावे एकाखाली एक लिहिलेलीच राहतात.

योजना दोन धरणांची होती. दियामा हा मूलतः खारबंधारा आहे. उन्हाळ्यात दरवाजे बंद करून समुद्राचे पाणी अडवायचे आणि पुराच्या वेळी ते उघडायचे. त्याचे काम १९८६ मध्ये पुरे झाले. बाफिंगवरील मानांतालीचे काम १९८२ ते १९८८ या काळात झाले. त्याची साठवणक्षमता ११.३ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे ४०० टीएमसी आहे. त्याने तीन गोष्टी द्यायच्या होत्या : बाकेलला वर्षभर सेकंदाला ३०० घनमीटरचा नियमित प्रवाह आणि त्यावर दोन्ही धरणांमिळून ३,७५,००० हेक्टरांचे सिंचन, २०० मेगावॅट वीज, आणि सँ-लुईपासून मालीतील काय शहराजवळच्या आंबिदेदीपर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा बारमाही जलमार्ग.

आता पेच असा होता की या तीन लाभांचा भूगोल एकमेकांशी जुळत नव्हता. सिंचनाची जमीन प्रामुख्याने सेनेगलमध्ये, त्याखालोखाल मॉरिटानियात. मालीच्या वाट्याला त्यातले जवळजवळ काहीच येत नव्हते. उलट मोठे धरण, त्याचे बुडीत क्षेत्र आणि दहा हजारांहून अधिक विस्थापित हे सगळे मालीच्या पदरात पडणार होते. समुद्रकिनारा नसलेल्या मालीला हवी होती वीज आणि समुद्रापर्यंतची वाट. पाण्याचे तीन भाग केले असते तर माली त्या टेबलाशी बसलाच नसता.

म्हणून सूत्र ठरवताना लाभ मोजले गेले. पद्धत थोडक्यात अशी : सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांपैकी प्रत्येक उद्दिष्टासाठी आधी पाहायचे की हे उद्दिष्ट वगळले असते तर एकूण खर्चात किती बचत झाली असती, तेवढा खर्च थेट त्या उद्दिष्टावर टाकायचा. मग त्या उद्दिष्टापासून मिळणारा लाभ आणि तोच लाभ दुसऱ्या स्वतंत्र मार्गाने मिळवण्याचा खर्च यांतली कमी रक्कम घ्यायची, तिच्यातून थेट खर्च वजा करायचा आणि उरलेल्या लाभांच्या प्रमाणात धरणाचा समाईक खर्च वाटायचा. शेवटी प्रत्येक उद्दिष्टाचा भार, ज्या देशाला त्याचा जेवढा उपयोग, त्या प्रमाणात देशांवर उतरवायचा. यातून निघालेले आकडे असे : सेनेगल ४२.१ टक्के, माली ३५.३ टक्के, मॉरिटानिया २२.६ टक्के. मानांतालीच्या विजेची वाटणी याहून वेगळी आहे : मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३ टक्के आणि मॉरिटानियाला १५ टक्के. हे दोन संच शेजारी ठेवले की सौदा दिसतो. सर्वाधिक कर्ज सेनेगलने घेतले, कारण सर्वाधिक जमीन त्याची. निम्म्याहून अधिक वीज मालीला गेली, कारण त्याच्याकडे जमीन नव्हती.

सूत्र परिस्थितीनुसार बदलता येईल अशी तरतूद आहे, आणि तिची गरजही उघड आहे. वाटणी झाली ती अपेक्षित लाभांवर, आणि अपेक्षित लाभांपैकी जलमार्ग अजूनही झालेला नाही. त्याच्यासाठी संघटनेने स्वतंत्र कंपनी काढली आहे; आंबिदेदीपर्यंत बोटी मात्र जात नाहीत. सिंचनही ठरलेल्या वेगाने वाढले नाही. मालीने ३५.३ टक्क्यांचे ओझे ज्या आशेवर उचलले, तिचा एक मोठा भाग अशा प्रकारे कागदावरच राहिला. तरीही सूत्रावरून संघटना फुटली नाही, याचे श्रेय मी विजेला देईन.

कर्ज उभारणे सोपे नव्हते. आर्थिक दृष्ट्या हा प्रकल्प परवडणार नाही असे जागतिक बँकेचे मत होते आणि तिने धरणांसाठी पैसे दिले नाहीत. पैसे आले ते सौदी अरेबिया, कुवेत आणि अबू धाबीच्या निधींकडून, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, इटली आणि कॅनडाकडून, युरोपीय विकास निधी आणि आफ्रिकन विकास बँकेकडून. पुढे १९९७ मध्ये वीजनिर्मितीच्या टप्प्यासाठी मात्र जागतिक बँक आली. त्याच वर्षी मानांताली सांभाळण्यासाठी आणि दियामा सांभाळण्यासाठी दोन स्वतंत्र समाईक कंपन्या स्थापन झाल्या. २००१ मध्ये मानांतालीची वीज बामाकोला पोहोचली आणि पुढच्या वर्षी डाकार व नुआकशोतला.

धरण तयार असताना दंगल

धरण १९८८ मध्ये पुरे झाले आणि वीज आली २००१ मध्ये. या तेरा वर्षांमागे एक कारण म्हणजे सुरुवातीला उल्लेखलेले १९८९ चे प्रकरण, आणि त्याची मुळे थेट नदीत आहेत.

एप्रिल १९८९ मध्ये बाकेलजवळच्या जावारा गावाच्या हद्दीतील नदीच्या बेटावर मॉरिटानियाचे गुराखी आणि सेनेगलचे शेतकरी यांच्यात चराईवरून तंटा झाला. मॉरिटानियाच्या सीमारक्षकांच्या गोळीबारात दोन सेनेगली ठार झाले. असे तंटे पूर्वीही होत आणि गावचे वडीलधारे ते मिटवत. या वेळी ते मिटले नाहीत, कारण काठावरच्या जमिनीची किंमत बदलली होती. धरणांचे काम सुरू होताच, आजवर पुराच्या भरवशावर असलेली जमीन उद्या कालव्याची होणार हे सर्वांना कळले होते. मॉरिटानियाने १९८३ च्या भूमी अध्यादेशाने परंपरागत सामूहिक मालकी बाजूला सारून वैयक्तिक मालकीचा आणि सरकारी हक्काचा रस्ता खुला केला. नदीकाठचे पुलार, सोनिंके आणि वोलोफ बोलणारे कृष्णवर्णीय शेतकरी एका बाजूला आणि उत्तरेकडून आलेले, सत्तेशी जवळीक असलेले लोक दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण आधीच सुरू झाली होती. दंगलीनंतर मॉरिटानियाने आपल्याच हजारो कृष्णवर्णीय नागरिकांना नदीपलीकडे घालवून दिले आणि त्यांची सुपीक जमीन इतरांच्या हाती गेली. त्यांच्यापैकी अनेकांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेमार्फत परतता आले ते २००८ पासून, सुमारे वीस वर्षांनी.

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि सहकार्याची यशोगाथा सांगताना तो सोयीस्करपणे गाळला जातो. संघटना दंगलीतून तगली हे खरे आहे. पण दंगल पेटण्यात संघटनेच्या धरणांनी निर्माण केलेल्या जमिनीच्या हावेचा हात होता हेही तितकेच खरे आहे. सरकारांनी आपापसात खर्च आणि लाभ टक्क्याच्या दशांशापर्यंत वाटून घेतले. लाभक्षेत्राच्या आत ते कोणाला मिळतील, हा प्रश्न मात्र प्रत्येकाने आपला अंतर्गत मामला मानला.

संघटनेने स्वतः त्या काळात काय केले, तर फार काही नाही, आणि कदाचित तेच योग्य होते. मध्यस्थी करण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. वीजवाहिन्यांचा मार्ग आणि कर्जदात्यांशी वाटाघाटी रखडल्या. परंतु तिसरा भागीदार माली भांडणात नव्हता, निर्णय एकमतानेच होत असल्याने कोणाला डावलून पुढे जाण्याची सोय नव्हती, आणि धरण मोडून वाटून घेता येत नव्हते. दोघांचे भांडण झाले तरी बैठक बोलावणारा तिसरा कोणीतरी आहे, हा लाभ दोन देशांच्या नदीला मिळत नाही.

दुसरी परीक्षा २००० साली झाली आणि ती लवकर आटोपली. सेनेगलची एक जुनी योजना होती : नदीचे पाणी देशाच्या आतल्या भागातील कोरड्या पडलेल्या प्राचीन दऱ्यांत सोडून त्या पुन्हा जिवंत करायच्या. अब्दुलाय वाद राष्ट्राध्यक्ष होऊन दोन-तीन महिने झाले असतील, तोच मॉरिटानियाने या योजनेला हरकत घेतली आणि जूनमध्ये आपल्या देशातील सेनेगली लोकांना निघून जाण्यास सांगितले. १९८९ ची आठवण ताजी होती. वाद यांनी योजना सोडून दिल्याचे जाहीर केले आणि मॉरिटानियाने आदेश मागे घेतला. पूर्वसंमतीचे कलम १९७२ पासून होतेच. पण ते पाळले गेले ते संघटनेतील चर्चेमुळे की हद्दपारीच्या धमकीमुळे, हे वाचकाने ठरवावे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे.

पूर कोणाचा?

सूत्रात सिंचन होते, वीज होती, जलवाहतूक होती. पुराला त्यात रकाना नव्हता. गाळपेर, चराई, मासेमारी, भूजलाचे पुनर्भरण हे सर्व नदी आजवर फुकट करत आली होती, आणि जे फुकट मिळते त्याची खर्च-लाभाच्या तक्त्यात शून्य किंमत लागते. मूळ कल्पना अशी होती की सिंचन पुरेसे वाढेपर्यंत काही वर्षे मानांतालीतून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कृत्रिम पूर सोडायचा आणि मग हळूहळू तो बंद करायचा.

अडचण यंत्रशास्त्राची आहे. वीज हवी असेल तर पाणी वर्षभर संथपणे जनित्रांतून गेले पाहिजे. पूर हवा असेल तर दोन-तीन आठवड्यांत प्रचंड विसर्ग करावा लागतो, आणि जनित्रांच्या क्षमतेपलीकडचे पाणी वीज न देता वाहून जाते. त्यामुळे नदीकाठच्या मातम किंवा पोदोरच्या गाळपेरीचा प्रत्येक हेक्टर बामाकोच्या युनिटांशी स्पर्धा करू लागला. या स्पर्धेत एका बाजूला कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या वीज कंपन्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला कुठल्याच ताळेबंदात नसलेले शेतकरी. काही वर्षी पूर सोडला गेला, काही वर्षी अपुरा किंवा अवेळी सोडला गेला. पेरलेल्या शेतात दुसऱ्यांदा पाणी शिरले की पीक कुजते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

दियामाच्या बाजूला वेगळेच घडले. खारे पाणी येणे थांबले आणि त्याबरोबर खारे पाणी जे काम करत होते तेही थांबले. गोड्या, संथ, उथळ पाण्यात पाणकणसाची बेटे माजली; त्यांनी कालव्यांची तोंडे बुजवली आणि गावांना नदीपर्यंत पोहोचणे अवघड केले. याच पाण्यात बिल्हार्झिया या रोगाचे जंतू वाहणाऱ्या गोगलगाई वाढल्या. १९८८ मध्ये सेनेगलच्या काठावरील रिशार-तोल येथे आतड्यांच्या बिल्हार्झियाचे रुग्ण पहिल्यांदा आढळले आणि काही वर्षांतच तिथल्या बहुसंख्य लोकांना लागण झाली. त्या गोगलगाई खाणारी गोड्या पाण्यातली कोळंबी अंडी घालण्यासाठी खाडीच्या मचूळ पाण्यात जाते, आणि तिची वाट बंधाऱ्याने अडवली होती. एका रोगाला दोन्ही बाजूंनी आमंत्रण मिळाले, आणि कोणत्याही सूत्रात त्याचा खर्च धरलेला नव्हता.

दुरुस्ती उशिरा झाली, तरी झाली. २८ मे २००२ रोजी सदस्य देशांनी जलसनद स्वीकारली. पिण्याच्या पाण्याचा हक्क, पर्यावरणाचे रक्षण आणि असाधारण परिस्थिती वगळता दरवर्षी कृत्रिम पूर सोडण्याचे बंधन या सनदेत आले. पन्नास हजार हेक्टर गाळपेर हे उद्दिष्ट धरून विसर्गाचे नियोजन होऊ लागले. मॉरिटानियाच्या काठावर १९९१ मध्ये स्थापन झालेल्या दियाव्लिंग राष्ट्रीय उद्यानात बांध आणि दरवाजे घालून खाडीमुखाकडे गोडे व खारे पाणी हंगामानुसार सोडले जाऊ लागले. तिथे पक्षी, मासे आणि चटया विणण्याचे गवतही परतले. दोन्ही राजधान्यांचे हितसंबंधही नदीत अधिक गुंतले. डाकारला पूर्वीपासून नदीवर भरणाऱ्या ग्विएर सरोवरातून पाणी जात होते; २०१० मध्ये नुआकशोतलाही नदीचे पाणी नळाने पोहोचले.

चौथा भागीदार

गिनी २००६ मध्ये संघटनेत आला. बाहेर राहिलेल्या चौतीस वर्षांत त्याच्या डोंगरांतून येणाऱ्या पाण्यावर दोन धरणे बांधली गेली होती आणि त्यांच्या कर्जात वा विजेत त्याचा वाटा नव्हता. आता पुढची धरणे त्याच्या भूमीवर होऊ घातली आहेत. मालीतील फेलू (६० मेगावॅट, २०१३) आणि गुइना (१४० मेगावॅट, २०२२) ही केंद्रे मानांतालीने नियमित केलेल्या प्रवाहावरच चालतात, त्यामुळे त्यांनी नवे पेच निर्माण केले नाहीत. बाफिंगच्या वरच्या भागातील कुकुतांबाचे मात्र तसे नाही. सुमारे २९४ मेगावॅटचा हा प्रकल्प चिंपांझींच्या महत्त्वाच्या अधिवासात येतो, आणि तिथे साठवलेले पाणी केव्हा सोडायचे यावर मानांतालीचे, आणि म्हणून खालच्या पुराचेही, वेळापत्रक अवलंबून राहील.

विसर्गाचा निर्णय स्थायी जल आयोगाच्या शिफारशीने होतो. आयोगात चारही देशांचे प्रतिनिधी असतात. सनदेने पाणीवापरकर्त्यांच्या, स्थानिक संस्थांच्या आणि स्वयंसेवी संघटनांच्या प्रतिनिधींना तिथे निरीक्षक म्हणून बसण्याची मुभा दिली आहे. त्यांना बोलता येते, निर्णय मात्र देशांच्या एकमताने होतो. ऑगस्टमध्ये मानांतालीची पातळी पाहून पूर किती दिवसांचा सोडायचा हे ठरत असताना, वालोची ज्वारी पेरणारा माणूस या खोलीत असलाच तर निरीक्षकांच्या रांगेत असतो.